पाण्याकाठचा वाटा

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रत्नाबाई शेडगे यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर केली, तर काठावरच्या फरसबंदी रस्त्यावरून त्यांची धाकटी जाऊ शारदा येत होती. शारदाच्या हातात काही नव्हतं. साधी पिशवीसुद्धा नव्हती. दोन्ही हात मोकळे सोडून ती रमतगमत चालत होती, आणि रत्नाबाईंना पहिलं खुपलं ते हेच.

रत्नाबाई ‘पाणवठा’ नावाच्या हॉटेलात तांदळाच्या भाकऱ्या करतात. हॉटेलाचं स्वयंपाकघर आत काचेपलीकडे आहे, पण चूल मुद्दाम बाहेर, टेबलांच्या मधोमध मांडली आहे. जेवायला आलेल्यांना भाकरी होताना दिसली पाहिजे. म्हणून मनीषने, म्हणजे हॉटेलच्या मॅनेजरने, नऊवारीची अट घातली आहे. घरी रत्नाबाई पाचवारी नेसतात आणि थंडीत वरून नवऱ्याचा जुना स्वेटर चढवतात. नऊवारी हॉटेलच्या मालकीची आहे, ती इस्त्री होऊन येते. शारदा मात्र जन्मभर नऊवारीचा काष्टा मारून चिखलात भात लावत आली, आणि आज तिच्या अंगावर जांभळा पंजाबी ड्रेस होता आणि पायात पांढरे बूट. एकीचं लुगडं सुटलं आणि दुसरीला ते पगारापायी नेसावं लागलं.

मुळशीच्या धरणाच्या पाण्याकाठी ही नवी वसाहत उभी राहून काही वर्षं झाली. गाड्या फाटकाजवळच ठेवायच्या, आत फक्त पायी फिरायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तीन मजली इमारती, आणि त्यांच्या तळमजल्याला ओळीनं खाण्याची ठिकाणं: भट्टीतला पिझ्झा, जपानी जेवण, कॉफी, आइस्क्रीम आणि मराठी म्हणून ‘पाणवठा’. बावधनची, सूसची माणसं शनिवार-रविवारी येतात. काहींनी इथं दुसरं घर घेतलं आहे. संध्याकाळी कुत्र्याला घेऊन निघायचं, एका ठिकाणी सूप प्यायचं, चार पावलं पुढे जाऊन जेवायचं, पाण्यावरचे दिवे बघत परत यायचं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सगळं चालत्या अंतरावर’. वर टेकाडावर रत्नाबाईंची जांभळवाडी आहे. तिथंही सगळं चालत्या अंतरावरच आहे, कारण चालत गाठता येणार नाही असं तिथं काही नाही.

या वसाहतीच्या मधल्या दोन इमारती शारदाच्या जमिनीवर उभ्या आहेत. बदल्यात तिला पाण्यासमोरचा तळमजल्याचा फ्लॅट मिळाला. शिवाय काठावर एक गाळा तिच्या कुटुंबासाठी राखून ठेवला आहे. गाळा भाड्यानं द्यायचा नाही, कुटुंबातल्या माणसांनीच चालवायचा, असा करार आहे. कोण चालवणार त्याचं नाव वसाहतीच्या गुरुवारच्या अकराच्या बैठकीत सांगायचं होतं. सांगितलं नाही तर गाळा कॉफीवाल्याला जाणार होता. हे सगळं रत्नाबाईंना ठाऊक होतं. तो गाळा आपल्याला मिळावा, हॉटेलची नऊवारी एकदाची सोडून टाकावी, स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या नावानं भाकरी करावी, हे त्यांच्या मनानं महिनाभर धरलं होतं.

पण मागायचं कुणाकडे, तर शारदाकडे. तिथं तोंड उघडत नव्हतं.

“जाऊन सांग की तिला,” त्यांचे यजमान जयसिंगराव सकाळीच म्हणाले होते. “जाऊ हाय तुजी, परकी न्हाई.”

“तुमचा भाऊ हाय, तुमीच सांगा.”

“मी काय भाकऱ्या करणार हाय व्हय?” एवढं बोलून जयसिंगराव शेताकडे निघून गेले होते.

शारदा एरवी पाण्याला लागून असलेल्या टेबलाशी बसायची. सोबत नवरा शेखर, मुलगा, सून क्षितिजा. आज एकटीच आली आणि सरळ चुलीजवळच्या टेबलाशी टेकली. धूर येतो म्हणून त्या टेबलाशी कुणी बसत नाही. एकटी बाई जेवायला येते, खुर्ची ओढते, आणि वाकून विचारायला माणूस धावत येतो, काय आणू? रत्नाबाईंनी उकड मळता मळता हे पाहिलं. त्यांच्या उभ्या जन्मात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

“काय अक्का, भाकरी हाय का शिल्लक?”

“हाटेलात शिल्लक नसती भाकरी. पैसं टाकलं की व्हती.”

“मग टाकते.”

“टाक की. तुला काय कमी हाय. धूर लागंल हितं, तुजी नेहमीची जागा रिकामीच हाय बघ.”

“धुराला काय मी नवी हाय का,” शारदा म्हणाली आणि पिठलं-भाकरी सांगितली.

रत्नाबाईंनी गोळा परातीत घेतला, थापायला लागल्या. शारदानं खुर्ची चुलीकडे सरकवली.

“उद्या नाव द्यायचं हाय गाळ्याचं.”

“दे की.”

“कुणाचं देऊ? क्षितिजाला ईचारलं, तर ती म्हणती, आई, मला मीटिंगा असतात. ह्यांचं गुडघं गेलं. पोरगा उजाडताना हिंजवडीला जातो तो दिवस बुडाल्यावर येतो. आनि सकाळधरनं रातपातुर गाळा उघडा पायजे, असा नेमच हाय त्यांचा. माज्या येकलीच्यानं न्हाई व्हायचं.”

“मग कॉफीवाला घेईल.”

“घेईल.”

भाकरी तव्यावर गेली. रत्नाबाईंनी वरून पाण्याचा हात फिरवला. मागायची हीच वेळ होती. त्यांनी भाकरी उलटली.

“का तुमी येताय?” शारदानंच विचारलं.

“तुज्या गाळ्यात कामाला?”

“कामाला कशापायी? दोघींची नावं टाकू. सकाळची पाळी येकीची, सांजची येकीची. ज्या पाळीची कमाई, तिची तिला.”

“कुणाला कोणती?”

“ते तुमी ठरवा. थोरल्या तुमी. वाटं तुमी पाडा, मी उचलते.”

रत्नाबाईंचा हात थांबला. चुलीतलं लाकूड त्यांनी उगीचच पुढे सारलं.

या भागात भावाभावांच्या वाटण्या अशाच होत आल्या आहेत. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. पाडणाऱ्याला कुठला वाटा आपल्याकडे येणार ते ठाऊक नसतं, म्हणून तो सरळ पाडतो, अशी त्यामागची अटकळ. एकदा वाटा उचलला की त्यावर कुणी बोलायचं नाही.

जयसिंगराव आणि शेखर यांची वाटणी झाली तेव्हा दोन जमिनी होत्या. वरची भाताची खाचरं, रस्त्याला लागून. आणि खालचा पाण्याकाठचा पट्टा: धरण भरलं की अर्धा पाण्याखाली, उरलेला खडकाळ, गुरांना फिरवायच्या लायकीचा. खाचरं आपल्याकडे राहावीत असं रत्नाबाईंना वाटत होतं आणि त्यांनी नवऱ्याला तोड सुचवली. खालच्या वाट्यात भर घाला. दुभती म्हैस घाला, पाणी उपसायचं नवं इंजिन घाला, घराची पुढची खोली घाला. शारदाचं पोर तेव्हा लहान होतं, घरात दुधाची ओढ होती. ती म्हशीकडे बघेल आणि पट्टा उचलेल, हे रत्नाबाईंनी बरोबर ताडलं होतं. शेखर खाचरं मागत होता, पण शारदानं त्याला दाराआड नेलं, आणि बाहेर येऊन त्यानं खालचा वाटा उचलला. त्या वर्षी रत्नाबाईंच्या घरी इंद्रायणी तांदळाची पोती छताला लागली. जावेला कसं गुंडाळलं याचं समाधान त्यांना पुढे बरीच वर्षं पुरलं.

मग मोजणीवाले आले. ते खाचराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांना पाणी दिसेल अशी जमीन हवी होती.

तेव्हापासून रत्नाबाई खाचरात उभ्या राहिल्या की खाली दिवे दिसतात. शेखरच्या नशिबाला त्या कधी बोलल्या नाहीत, कारण तो वाटा नशिबानं पडलेला नव्हता. त्यांनी स्वतः सजवून ताटात वाढला होता. दुसऱ्या कुणी लुबाडलं असतं तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

आता पुन्हा वाटे पाडायचे होते. रत्नाबाईंनी भाकरी निखाऱ्यावर उभी केली आणि झरझर विचार केला.

सकाळची पाळी म्हणजे चालायला येणारे लोक, चहा, पोहे, घावन. दुपारी पाळी संपली की मोकळं. सांजची पाळी म्हणजे पिठलं-भाकरी, कोंबडी, गर्दी, सुट्टीच्या दिवशी रांग. कमाई सांजेला जास्त. पण रत्नाबाईंना सकाळ हवी होती. सकाळी राबलं की संध्याकाळ आपली. घरून हात हलवत खाली उतरायचं, पाण्याशी बसायचं, आणि माणूस विचारायला आला की सावकाश सांगायचं. हीच एक गोष्ट त्यांना शारदाकडून काढून घ्यायची होती.

शारदा काय उचलेल? माणसानं जास्तीचं सोडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जास्त असेल तेच उचलेल. आणखी थोडी भर घातली की नक्कीच.

“ऐक,” भाकरी शारदाच्या ताटात टाकत त्या म्हणाल्या. “येक वाटा सकाळचा. सकाळी झाडलोट, पाणी भरनं, दुधाचं बघनं, सगळं सकाळवालीनं करायचं. दुसरा सांजचा. सांजवालीला फ्रीज. बाहेरची चार टेबलं बी तिलाच. आनि रविवार अख्खा तिचा, दोनी पाळ्या. माज्या घरचं जातं हाय, तेबी तिला देते. शोभंला ठेवता येतं.”

शारदानं पिठल्यात भाकरीचा तुकडा बुडवला, खाल्ला. घाई केली नाही.

“जातं बी देताय?”

“देते म्हनलं की.”

“मी सकाळचा उचलते.”

रत्नाबाईंनी चिमटा खाली ठेवला. “अगं, कमाई सांजला हाय. नीट ध्यान दे.”

“दिलं ध्यान. तुमी जिकडं भर घालता, ते तुमाला नको असतं. म्हशीच्या वक्तालाबी तसंच केलंत.”

“तवा का न्हाई बोललीस मग?”

“तवा मला म्हैस पायजे व्हती, अक्का. पोराला दूध नव्हतं. तुमी वाट्यात दगुड घातला असता आनि वर म्हैस बांधली असती, तरी मी उचलला असता.” तिनं ताटातली मिरची बाजूला सारली. “आता दूध हाय. आता मला सांज पायजे. पोरगा घरी येतो, समदी मिळून चालत जातो जेवायला. तेवढाच तर वकूत गावतो.”

रत्नाबाईंना बोलायला पुष्कळ होतं. पण वाटा उचलून झाला होता. त्यांनी पुढचा गोळा घेतला आणि इतक्या जोरात थापला की दोन टेबलं पलीकडच्या बाईनं वळून पाहिलं आणि मोबाइल काढून फोटो घेतला.

मनीष फिरत फिरत शारदाच्या टेबलाशी आला. “काकू, कशी होती भाकरी?”

“कडंला कच्ची राहिली जरा,” शारदा म्हणाली.

ती खरंच कच्ची राहिली होती. निखाऱ्यावर उभी करून, ती फिरवायचं सोडून, रत्नाबाई वाटे पाडत बसल्या होत्या. मनीषनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी चुलीकडे.

“पिठलं झ्याक हाय,” शारदा पुढे म्हणाली. तिनं बिल दिलं आणि उठली. “अकराला या हां अक्का. आदी माज्याकडं या, मग संगंच जाऊ. च्या ठेवते.”

“बघते,” रत्नाबाई म्हणाल्या. बघण्यासारखं काही नव्हतं. जायचंच होतं.

शारदा घराकडे वळली नाही. पाण्याच्या कडेनं आइस्क्रीमच्या दुकानाकडे गेली. वाटेत तिला शेखर भेटला, गुडघ्यावर हात ठेवून बाकावर बसलेला. तीही बसली. दोघं नुसती पाण्याकडे तोंड करून बसली होती. रत्नाबाईंनी ते पाहिलं आणि पुढच्या भाकरीला दोनदा पाणी लावलं.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी मनीषला सांगितलं की महिना भरला की आपण काम सोडणार, समोरच गाळा घेतो आहोत. कुठली पाळी, असं त्यानं विचारलं.

“सांजची.”

“म्हणजे मलाच स्पर्धा,” मनीष हसून म्हणाला. “चांगली वेळ मिळवलीत, मावशी. सगळा धंदा संध्याकाळीच आहे इथला.”

“व्हय,” रत्नाबाई म्हणाल्या. “वाटा मीच पाडला.”

उद्या गुरुवार. देखभालीसाठी जांभळवाडीची वीज दहा वाजता जाते आणि चारला येते, म्हणून पिठाची गिरणी सकाळी आठलाच सुरू होते. रत्नाबाईंना आधी तिथं तांदूळ टाकायचा आहे. पीठ घेऊन त्या घरी जातील आणि दहाच्या सुमारास टेकाड उतरायला लागतील. बैठक अकराला आहे, त्याआधी शारदाकडचा चहा.