बंद कुलपासमोर बसलेल्या शैलजाताई

शैलजाताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरवग्रंथासाठी दोन पानं लिहून द्या, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी घाबरलोच. मी मूळचा भित्रा. लातूरहून पुण्याजवळ ताथवड्याच्या कॉलेजात आलो तो घाबरतच, आणि चाकणच्या आमच्या सुट्या भागांच्या कंपनीत संगणक विभागाच्या मुलाखतीला बसलो तोही घाबरतच. समोर विभागप्रमुख म्हणून ताई होत्या. पदवीचं त्यांनी काही विचारलं नाही. "आजवर तुमच्या हातून काय काय बिघडलंय?" एवढंच विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "काहीच नाही, मॅडम." त्या हसल्या. "म्हणजे अजून कामाला हात लावलेला दिसत नाही. सोमवारपासून या." ही आमची पहिली ओळख.

कंपनीतल्या प्रत्येक साच्याचं ड्रॉइंग ज्या लिनक्स सर्व्हरवर आहे, तो ताईंनी स्वतः उभा केला. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात माहिती साठवणाऱ्या चार डिस्क एकत्र बांधून एक संच केलेला असतो. एखादी गेली तर उरलेल्या तिघी निभावून नेतात, दोन गेल्या की संपलं. या संचावर एन्क्रिप्शनचं, म्हणजे पासवर्डशिवाय काही वाचताच येऊ नये असं कुलूप, आणि कुलपाच्या आत कामाचे कप्पे. चोरापासून राखण अगदी पक्की. पण खालचा संचच उभा राहिला नाही, तर कुलूप दिसत नाही, मग किल्ली हातात असून करायचं काय? या विचारानं मला आजही भीती वाटते.

काही वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे यंत्रं बंद करून, झाडूनपुसून, हळदकुंकू वाहून पूजा करतात. त्या वर्षी विजेचं काम निघालं म्हणून एरवी कधी बंद न होणारा सर्व्हरही बंद केला होता. पूजा झाली, पेढे वाटले, मी सर्व्हर सुरू केला आणि पडद्यावर आलं की कप्पे सापडत नाहीत. पुन्हा सुरू केला. तेच. बॅकअप दुसऱ्या इमारतीत होता, पण त्यालाही कुलूप, आणि त्याची किल्ली नेमकी या सर्व्हरच्या आत. घराची दुसरी किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं तसं झालं होतं. ड्रॉइंग गेली असती तर साचे दुरुस्त करता आले नसते, लाइन थांबली असती, आणि शेडमधल्या सगळ्यांच्याच पोटावर पाय आला असता.

सर्व्हरच्या देखभालीचं काम ज्या बाहेरच्या कंपनीकडे होतं तिचा इंजिनियर फोनवर म्हणाला, "टेन्शन नको घेऊ भावा, संच नव्यानं बनव, होतंय." मी आज्ञा टाइप केली. खरंच करायचं का, असं पडद्यानं विचारलं. प्लँट मॅनेजर डोक्यावर उभे होते. "दाब की राव, बघतोस काय?" माझं बोट एन्टरवर जाणार, एवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, "हात मागे घ्या."

त्या बटणानं काय झालं असतं ते मला नंतर कळलं. संच नव्यानं बांधताना डिस्कवर पुन्हा लिहिलं जातं. कुलपाचाच भाग पुसला गेला असता, आणि मग जगातली कुठलीही किल्ली चालली नसती.

ताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या म्हणाल्या, "बॅकअपची किल्ली आत राहिली ही चूक माझी. वर मी सांगेन. आता सकाळपासून काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा. रागावणार कोणी नाही. घाबरायचं नंतर, सगळे मिळून."

दारात मेंटेनन्सचे फोरमन गव्हाणे मामा उभे होते, इथल्याच गावातले जुने माणूस. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "म्याडम, आमी त्या पेट्या भायेर काढल्या व्हत्या. धूळ लई बसली व्हती. पुसल्या, कुकू लावलं, परत बसवल्या. नोकरी जाईल म्हून बोललो न्हाई."

ताईंनी सर्व्हर बंद करायला लावला आणि त्याचं कपाट उघडलं. चारही डिस्कच्या पेट्यांवर कुंकवाचं बोट उमटलेलं, आणि त्यातल्या दोन नीट आत बसलेल्याच नव्हत्या. "मामा, तुम्हीच बसवा. टक् आवाज येईपर्यंत दाबा," ताई म्हणाल्या. मामांनी बसवल्या. सर्व्हर सुरू झाला, संच उभा राहिला आणि कुलपानं पासवर्ड मागितला. ते पाहून मला रडूच आलं. ताईंनी मात्र घाई केली नाही. आधी कुलपाच्या भागाची नक्कल काढून वेगळ्या जागी ठेवली, मग पासवर्ड टाकला. कप्पे एकेक करून उघडले. ड्रॉइंग जशीच्या तशी होती.

मामांना मेमो द्यायचं वरून ठरत होतं. ताईंनी लेखी कळवलं की सर्व्हरचं कपाट उघडं ठेवणं ही विभागप्रमुखाची चूक आहे, मेमो तिला द्यावा. मेमो कोणालाच मिळाला नाही. आता दर खंडेनवमीला मामा कपाटाच्या दारालाच कुंकू लावतात, तेही ताईंना विचारून.

माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा मी लातूरला होतो. ताई रोज फोन करून आईची तब्येत विचारत, मग "तुम्ही जेवलात का?" विचारत. कामाचा शब्दही काढत नसत. दुसऱ्याचं सगळं विचारणाऱ्या ताई स्वतःचं मात्र काही सांगत नाहीत. मध्यंतरी कॅन्टीनमध्ये त्यांना घेरी आली. टेबल धरून उभ्या राहिल्या, "काही नाही, ऊन लागलं असेल," म्हणाल्या आणि तशाच कामाला गेल्या. तेव्हापासून मला जी भीती वाटते आहे, तिच्यापुढे त्या दिवशीच्या पडद्याची भीती काहीच नव्हती.

तेव्हा ताई, आज खुर्ची मी ओढून घेतो. आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य मिळावं, हे मागणं या ग्रंथात प्रत्येकानं मागितलं असेल, माझंही तेच आहे. पण त्यासाठी आधी काय काय होतंय ते आम्हाला पहिल्यापासून सांगा. रागावणार कोणी नाही. डॉक्टरांकडे मी बरोबर येतो, गव्हाणे मामाही येतो म्हणालेत. घाबरायचं नंतर, सगळे मिळून.