फवारलेलं अंगण

विमलाबाईंनी एकतीस वर्षं तण काढलं. शहरातल्या एका सरकारी बागेत त्या आधी रोजंदारीवर लागल्या, मग कायम झाल्या, आणि दिवसभर हिरवळीत उकिडवं बसून खुरप्यानं तण काढत राहिल्या. टोपली भरली की मागच्या भिंतीपलीकडे टाकून यायची. टाकण्याआधी त्या टोपली चाळायच्या. घोळ, केना, तांदुळजा, घेटुळी वेगळी काढून पदरात बांधायच्या. साहेब लोकांना हिरवळीत जे डोळ्यांसमोर नको असायचं, त्याची त्यांच्या घरी संध्याकाळी भाजी व्हायची.

त्यामुळे मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत स्वतःचं घर झालं तेव्हा अंगणातलं तण काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं. जागा एकशे वीस गज, निम्म्यात घर, निम्मं मोकळं. कढीपत्ता, शेवगा आणि दोन जास्वंदी त्यांनी लावल्या. बाकी आपोआप आलं. फरशीच्या कडेनं घोळ पसरली, नळाखालच्या ओलीत केना वाढला, भिंतीशी आघाडा उभा राहिला. फक्त गाजरगवत दिसलं की त्या ते फुलायच्या आत उपटत. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या असत, त्या पानं खात, आणि विमलाबाई त्यांच्यासाठी एक फांदी सोडून उरलेल्या फांद्यांची पानं फोडणीला घेत. हौदाशेजारच्या विटांखाली जाडजूड भेकं राहत. शेवग्यावर शिंजीर पक्ष्यानं घरटं बांधलं होतं.

गल्लीतल्या बायका येऊन भाजी तोडून नेत. घोळीला तेलुगू बायका गंगवायली म्हणायच्या आणि तुरीच्या डाळीत शिजवायच्या. फाटक उघडंच असे. विचारायची गरज नव्हती. मुळासकट उपटायचं नाही, एवढीच अट.

मुलगा गौतम नारायणगुड्याला बँकेत होता. त्याला हे अंगण आवडत नसे. बँकेतली माणसं घरी आली की तो हसत हसत माफी मागायचा, आणि विमलाबाईंना ते हसणं लागायचं. मागच्या वर्षी त्याच्या मुलीला, रुचाला, डेंग्यू झाला. आठ दिवस पोरगी दवाखान्यात होती. तेव्हापासून गौतम अंगणाकडे बघायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत भीती असायची. विमलाबाईंनी हौद कोरडा ठेवला, कुंड्यांखालच्या बशा फेकून दिल्या, गच्चीवरचं पाणी त्या स्वतः झाडूनं लोटायच्या. डास साचल्या पाण्यात होतात, घोळीत होत नाहीत, हे त्यांनी त्याला दहादा सांगितलं. तो हो हो म्हणायचा.

या भाद्रपदात त्या भाचीच्या बाळाच्या बारशाला देगलूरला गेल्या. चार दिवस राहिल्या आणि सोमवारी सकाळी बसनं परत आल्या. रिक्षातून उतरून फाटक लोटलं आणि पहिल्याच पावलाला त्या थांबल्या. वास आला. हा वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

त्यांचा नवरा संभाजी त्याच बागेत माळी होता. गुलाबाचे वाफे त्याच्याकडे होते. पाठीवर पंप घेऊन तो फवारायचा. हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही, दवा बादलीत टाकून हातानंच ढवळायचा. पंप गळायचा. सदऱ्याची पाठ ओली व्हायची आणि तो सदरा विमलाबाई घरी धुवायच्या. एकावन्नाव्या वर्षी त्याची किडनी गेली, बावन्नाव्या वर्षी तो गेला. डॉक्टरांनी कागदावर फवाऱ्याचं नाव कधी लिहिलं नाही. शोकसभेत साहेबांनी त्याच्या गुलाबांचं कौतुक केलं.

विमलाबाई पिशवी खाली ठेवून वाकल्या. कढीपत्त्याखाली अळ्या काळ्या पडून सुकल्या होत्या. विटांशी तीन भेकं उताणी पडली होती, त्यांच्यावर एकही मुंगी नव्हती. मुंग्याही मेल्या होत्या. घोळ मात्र अजून हिरवीगार दिसत होती. पानांवर पांढरे ठिपके वाळले होते, तेवढंच. आणि तिचे शेंडे ताजेच खुडलेले दिसत होते.

कोणीतरी भाजी नेली होती.

घरात गौतम बँकेत निघायच्या घाईत होता. विमलाबाईंनी चप्पलही काढली नाही.

"काय फवारलंस?"

"दवा मारला, माय. गवताचा एक आणि किड्यांचा एक. शनिवारी. माणूस आला होता."

"दवाचं नाव काय?"

"ते त्यालाच ठाऊक."

"गल्लीत कोणाला सांगितलंस का?"

गौतमला तो प्रश्न सुचलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

विमलाबाई तशाच बाहेर पडल्या आणि गल्लीतलं पहिलं दार त्यांनी मुठीनं ठोठावलं. मग दुसरं. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण त्या दिवशी त्या धावल्या. पाचवं दार भामाचं होतं. भामा मूळची आदिलाबादकडची, तिच्या मराठीत अर्धी तेलुगू असायची. तिची मुलगी शर्वरी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. स्वयंपाकघरात कुकरची वाफ नुकतीच जिरली होती.

"विमलक्का, कधी आल्या?" भामा म्हणाली. "पोरीला गंगवायलीची डाळ पाहिजे म्हणते. काल केली, आज पण तीच मागायली."

विमलाबाईंनी कुकर उचलला, तसाच मोरीत नेला आणि उपडा केला. गरम डाळ त्यांच्या पायावर उडाली. भामा बघतच राहिली. मग विमलाबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना भामाच्या तोंडाकडे बघवेना.

शर्वरीला सकाळपासून मळमळत होतं. त्या दिवसांत मळमळतंच म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. रिक्षा येईतो विमलाबाईंनी उरलेली दारंही ठोठावली, मग शर्वरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं ते दवाचं नाव. नाव कोणाजवळ नव्हतं. विमलाबाईंनी गौतमला बँकेत फोन लावला आणि म्हणाल्या, त्या माणसाला शोध, डब्यांचे फोटो पाठव, तोवर खुर्चीवर बसू नकोस. गौतम बँकेतून उठला. फवारणारा यादगिरी चादरघाटाकडे राहायचा. दुपारी एक वाजता फोटो आले. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची अक्षरं इतकी बारीक होती की डॉक्टरीणबाईंनी ती मोबाईलवर मोठी करकरून वाचली.

संध्याकाळपर्यंत शर्वरीला सलाईन लावलं, रक्त तपासलं, बाळाचे ठोके दोनदा ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता तरी ठीक दिसतंय, दोन दिवस लक्ष ठेवू. भामा भिंतीला टेकून बसली होती. विमलाबाई घरी निघाल्या तेव्हा म्हणाली, "तुमच्या फाटकावर आम्ही कधी शक नाही केला, अक्का." विमलाबाईंना ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

घरी गौतम वाट बघत होता. सून स्वप्ना रुचाला घेऊन आतल्या खोलीत गेली.

"मला विचारलं का नाहीस?" विमलाबाईंनी विचारलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून मी गावाला जायची वाट बघितलीस."

"माय, रुचाच्या प्लेटलेट वीस हजारावर आल्या होत्या. तू होतीस तिथं. मला दुसरं काही सुचत नाही आता, डास दिसला की."

"तुझं लेकरू वाचावं म्हणून भामाच्या लेकीच्या ताटात विष?" विमलाबाईंचा आवाज चढला नाही, आणि म्हणून गौतमला जास्त भीती वाटली. "तुझ्या बापाचा सदरा मी धूत होते तेव्हा तू शेजारी बसायचास. वास येतो म्हणून नाक धरायचास. तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस."

गौतम रडला. विमलाबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, उद्या बँकेत जायच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक दारावर जायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. काय मारलं, कधी मारलं, आणि सांगितलं नाही हेही. तो म्हणाला, तू आजच सांगितलंस की सगळ्यांना. त्या म्हणाल्या, मी सांगितलं, तू नाही.

मंगळवारी सकाळी तो निघाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. अकरा घरं होती. कुठं तेलुगूत, कुठं दखनीत, कुठं मराठीत तो तेच बोलत गेला. एका घरी हसण्यावारी नेलं. एका घरी म्हाताऱ्या चाचांनी त्याला उभ्या उभ्या वीस मिनिटं झापलं, की मियां, बँकेत बसून इतकीही अक्कल येत नाही का. भामाच्या दारात तो बराच वेळ उभा होता. दार उघडलं, पण त्याला आत घेतलं नाही. विमलाबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून बघत होत्या. त्याचे कान लाल झालेले त्यांना तिथूनही दिसत होते. त्यांना त्याची दया आली आणि दया आल्याचाही राग आला.

गुरुवारपर्यंत अंगण पिवळं पडलं, रविवारपर्यंत तपकिरी. घोळ लिबलिबीत होऊन जमिनीला चिकटली. शिंजीर घरटं सोडून गेले. विमलाबाईंनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून सगळं उपटलं आणि चार पोती भरली. मग ती पोती टाकायची कुठं हा प्रश्न आला. कचऱ्याच्या गाडीत दिली तर पुढं ढिगाऱ्यावर गुरं खाणार. जाळली तर धूर. महापालिकेच्या कचेरीत त्यांनी विचारलं, तेव्हा टेबलामागच्या माणसाला प्रश्नच कळला नाही. गवत आहे ना, टाका की कुठंही, म्हणाला. दवा कुठं मिळतो हे कोपऱ्यावरचं पोरही सांगत होतं, मारून झाल्यावर काय करायचं हे शहरात कोणाला माहीत नव्हतं. पोती अजून गच्चीवर बांधून पडली आहेत. फाटकाला रुचानं पुठ्ठ्याची पाटी लावली, तेलुगू आणि इंग्रजीत: इथलं काही खाऊ नका. मराठीत लिहायला सांगितलं तेव्हा तिला ती अक्षरं नीट जमेनात, मग विमलाबाईंनी स्वतः लिहिलं.

शर्वरीला पुढं मुलगी झाली. वजन थोडं कमी भरलं, बाकी बरी आहे. डाळीमुळे की कशामुळे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. भामा बारशाचं बोलावणं घेऊन आली, फाटकातच उभी राहून देऊन गेली.

त्याआधीच, फवाऱ्याला महिना होत आला तेव्हा, यादगिरी पुन्हा आला होता. दोन वेळा फवारायचं बोलणं झालं होतं आणि ते रद्द करायचं गौतमच्या डोक्यातून गेलं होतं. पन्नाशीचा वाळका माणूस, पायात रबरी चप्पल, पाठीवर निळा पंप. विमलाबाई त्याच्यासाठी मनात शिव्या साठवून बसल्या होत्या. तो वळला तेव्हा त्यांना त्याच्या सदऱ्याची ओली पाठ दिसली.

"पंप गळतोय तुझा," त्या म्हणाल्या.

"गळतोच थोडा, अम्मा."

त्यांनी त्याला पंप उतरवायला लावला. साबण दिला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गौतमचा जुना शर्ट आणून घालायला दिला. संभाजीचं सगळं सांगितलं. दवा मारायला लावणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, त्याला कामावर धाडणाऱ्या मालकाला आणि त्यालाही त्या बोल बोल बोलल्या. यादगिरी चहा घेत मान हलवत होता. खोकला येतो का, असं विचारल्यावर येतो म्हणाला. दवाखान्यात चल, मी येते बरोबर, असं त्या म्हणाल्या, तेव्हा आज पुढं तीन घरं आहेत, असं तो म्हणाला. मालक हातमोजे देत नाही, मागितले तर दुसरा माणूस बोलावतो.

विमलाबाईंनी एक सुती फडका चौपदरी घडी करून त्याच्या नाकातोंडावर बांधला, मागं गाठ मारली. तो हसला, पंप पाठीवर चढवला आणि निघाला. त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. गल्लीच्या वळणाशी पोचायच्या आधीच त्यानं फडका हनुवटीखाली ओढला. उकडत होतं. विमलाबाईंनी जोरात हाक मारली. तो पुढच्या घराची बेल वाजवत होता.