दत्तूकाकांची डब्यांची वही

पेणमध्ये मला ओळखणारे पुष्कळ, पण ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणाच्याच कानावर गेलेली नाही — बायकोच्याही नाही. तुम्हाला तरी नीट सांगता येईल का? बघतो.

माझा गणपतीचा कारखाना. दत्तूकाका वडिलांचे दोस्त, रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहतात. रोह्याच्या डिझेल गाडीवर ते फिटर होते. तिचे डबे दुसरीकडे वापरून मग आपल्याकडे आलेले. नव्या रंगाखाली जुने नंबर असायचे. काका ते खरवडून वाचायचे आणि कुठला डबा कुठून आला, त्याची खोड काय, सगळं एका वहीत लिहायचे. पुढे विजेची गाडी आली, डबे भंगारात गेले. काकांची दृष्टी गेली तेव्हा वही त्यांनी माझ्या हातात दिली. "तुझं अक्षर बरं हाय. उतरून काढ," म्हणाले.

ती हरवली, असं मी स्वतःला सांगत आलो. हरवली? — नाही. गणपती तोंडावर आलेले, टेम्पो दारात, मूर्तींच्या हातांना गुंडाळायची रद्दी संपलेली. वही समोर होती. कुणाची, ते मला पक्कं ठाऊक होतं. दोनच पानं, म्हटलं — मग चार — मग पुठ्ठाच उरला. मूर्ती गावोगाव गेल्या. ती पानं आता कुठे शोधू?

तरी दर रविवारी मी काकांना वही "वाचून" दाखवतो. हातात मुलीची जुनी शाळेची वही, आणि तोंडाला येईल ते. एकदा एक डबा गुजरातेतून आला, असं ठोकून दिलं. काका म्हणाले, "नाय रे, तो दक्षिणेकडचा. दाराखाली तिकडली अक्षरं व्हती, मी सोताच्या हातानं खरवडली."

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? मी म्हणालो, "काका, तुमच्याच अक्षरात आहे."

त्यानंतर त्यांनी मला कधी टोकलं नाही. मला स्वतःची किळस येते, तरी रविवार आला की पाय तिकडेच वळतात.

परवा त्यांची सून चहा घेऊन आली, तर तिला म्हणाले, "माझं डोकं गेलं गो. मीच लिवलंय नि मलाच आठवत नाय." ती आता त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे.

त्यांचं डोकं शाबूत आहे. हे फक्त मला माहीत आहे. मी तिथेच बसलो होतो — पान उलटलं, आणि पुढचं वाचू लागलो.