खाते पुसण्याची सूचना

प्रेमराजने सख्ख्या धाकट्या भावाचा हात पाईपच्या पान्याने मोडला, तेव्हा मी शेजारी माझ्या ओट्यावर बसलो होतो. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. धावत गेलो तर धाकटा भूषण त्यांच्या अंगणात, दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या जळक्या मोटारींच्या ढिगात पडलेला आणि प्रेमराज त्याच्या बरगड्यांत लाथा घालतोय. सोडवायला गेलो, तर माझाही ओठ फोडला त्याने. भूषणचा गुन्हा एवढाच, की मोटार दुरुस्तीच्या दुकानात त्याने आपला हिस्सा मागितला. दुकान कागदावर प्रेमराजच्या एकट्याच्या नावावर आहे.

भूषणची बायको नूतन. जळगावची एक कंपनी घरखर्चाचा हिशेब ठेवायचा प्रोग्राम बनवते. तो कसा वापरायचा हे मराठीत लिहायचं काम ती इथे धुळ्यात घरी बसून करते. बोलायला मऊ, पण कामात भारी हट्टी. एखाद्या गोष्टीची सूचना लिहायची तर आधी स्वतःच्या घराच्या हिशेबाची नक्कल काढून ठेवायची, ती गोष्ट करून बघायची, मगच लिहायचं. त्या आठवड्यात ती खातं कायमचं पुसून टाकणाऱ्या साधनाची सूचना लिहीत होती.

घराचा हिशेब त्याच प्रोग्राममध्ये होता आणि भूषणच्या नावाचं त्यात एक खातं होतं. दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटावर राबून त्याने दुकानात घातलेला पगार त्यात होता. हिस्सा मागायला त्याच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. आणि बाप गेल्यावर प्रेमराजने त्याला वाढवलं, तो खर्चही तिथेच होता: शाळेचे बूट, आयटीआयची फी, टायफॉइडचं औषध, लग्न. सासू भिकुबाईने जुन्या वह्यांतलं सगळं नूतनकडून चढवून घेतलं होतं. वह्या मग रद्दीत गेल्या.

भूषणच्या हाताला प्लास्टर चढत होतं तेव्हा नूतन कपडे न्यायला घरी आली. प्रेमराज तिची वाटच बघत होता. त्याने तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं आणि भूषणचं खातं पुस म्हणाला. ती म्हणाली, नाना, आधी वाचा. एक थोबाडीत बसली. तरी तिने आपली सूचना मोठ्याने वाचली, की या खात्याशी जोडलेली प्रत्येक नोंद समोरच्या खात्यांतूनही जाईल. ज्याच्या डोक्यात रक्त चढलंय त्याला काय ऐकू येणार! बटण त्यानेच दाबलं. हे मला भिकुबाईने सांगितलं. ती दारात उभी होती आणि तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. मला त्या म्हातारीचा तेव्हा फार राग आला.

चार दिवसांनी भाऊबंद बसले. मलाही बोलावलं. पुसून झाल्यामुळे प्रेमराज निवांत होता. तो म्हणाला, याचा दुकानात छदाम नाही. उलट मीच याला बापासारखा वाढवला, बघून घ्या. त्याने ऐटीत संगणक उघडला आणि शोधत बसला. बूट नव्हते, फी नव्हती, औषध नव्हतं. स्वतःच्या खात्यातूनही त्याचं मोठेपण निघून गेलं होतं. त्याने खुर्ची उचलून भिंतीवर फोडली आणि नूतनच्या अंगावर गेला. तिघांनी त्याला दाबून धरला.

नूतनच्या कपाळावरची सूज अजून हिरवी होती. ती जागची हलली नाही. नक्कल माझ्याकडे आहे, म्हणाली.

प्रेमराज सुटायची धडपड थांबवून तिच्याकडे बघू लागला. "मना खर्च तेवढा परत आण," तो अहिराणीत म्हणाला. माझा खर्च तेवढाच.

"नाना, परत येस ते बठ्ठं येस," ती म्हणाली. "अर्धं येत नही."

बूट आले की पगारही येणार होता. प्रेमराजने एकदा प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं, एकदा रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे. मला वाटलं, विरघळेल. लहानपणी याच भावाला खांद्यावर बसवून फिरवताना आम्ही त्याला पाहिलंय.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तो मना कोनी नही."

भिकुबाई भिंतीला हात लावत उठली. सगळ्यांच्या देखत तिने थोरल्या लेकाच्या थोबाडीत दिली, आणि परत दिली. धरणाऱ्यांनी त्याला सोडलं होतं, पण तो तसाच उभा राहिला. मग ती सुनेकडे वळली.

"नूतन, मंग याना घरमातीन मनं बी खातं पुसी टाक."

म्हातारी भूषणचा चांगला हात धरून, नूतनला घेऊन माझ्या घरी आली आणि अजून आमच्याकडेच आहे. प्रेमराज रोज दुकान उघडतो.