गुरुवारचा पिवळा आणि सुनंदाचा गुलाबी

किस्से म्हणजे दिवाळीनंतर घरात रचलेला कापूस. मूठभर काढायला जावं, तर अख्खा ढीग अंगावर घसरतो! आमच्या मोबाइलमधल्या गेमचंही तसंच झालंय.

आमची टोळी चौघींची. मी, माझी धाकटी जाऊ सुनंदा, शेजारची शकिलाआपा (गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज तीच शिवते) आणि माझी मुलगी राणी. राणी अमरावतीला होस्टेलवर. ‘रोज फोनवर जेवण झालं का एवढंच विचारते तू, त्यापेक्षा एकत्र खेळू,’ म्हणत तिनंच हा गेम आमच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. दुपारी भांडी आटोपली की आम्ही तिघी माझ्या ओसरीवर आणि ती तिकडून.

खरं कारण सुनंदा होती. त्या साली गुलाबी बोंडअळीनं तिच्या वावरातला कापूस आतून पोखरला. बीटीला अळी लागत नाही, असं सगळेच सांगत होते! कपाशीची उभी पराटी उपटावी लागली आणि सुनंदाचं हसू गेलं. मी देवीपुढे बोलले, ‘ही पोट धरून हसेपर्यंत मी गोडाला शिवणार नाही.’ व्रतं जन्मभर केली, पण बिनसाखरेच्या चहाइतकं कठीण एकही नाही!

*

गेममध्ये आपलं एक माणूस असतं. त्याला झगा, पगडी, काय हवं ते घाला. रंग मात्र कमवावा लागतो. रानात त्या रंगाची फुलं वेचायची, हंड्यात टाकायची, मग कपडा रंगतो.

मी वार पाळायचे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. माझं नाव तिथे ‘राणीची आई’.

एका गुरुवारी आमच्या किल्ल्यावर हल्ला झाला. मी नदीकाठी फुलं वेचत होते. टोळीत त्या दिवशी आलेल्या कुणा अनोळखी गड्यानं लिहिलं, ‘काकू, दरवाजा तुटला! लवकर या!’

मी लिहिलं, ‘पाच फुलं कमी आहेत. आज गुरुवार आहे.’

किल्ला गेला. वार नाही मोडला!

*

शकिलाआपाला मॅचिंगचं वेड. तिच्या बाईचा झगा मोरपंखी, तर पट्टा, जोडे, तलवारीची मूठसुद्धा मोरपंखी. दोऱ्याचा डबा मांडीवर घेऊन एकेक रीळ मोबाइलला लावून बघायची.

एकदा नांदुऱ्याच्या बाजारात मॅचिंगच्या दुकानात तिनं मोबाइलच पुढे केला. ‘हा रंग दाखव, भाऊ.’

दुकानदारानं दहा तागे काढले. आपा मान हलवत राहिली. शेवटी तो वैतागला, ‘अहो आपा, कापूस असा मोबाइलसारखा चमकते का कधी?’

‘मंग तसं सांग ना बे! काऊन दहा तागे खोलून राह्यला?’

*

ईदला आपानं शीरखुर्मा आणला. मी हात जोडले. व्रत कशासाठी, ते तिला हळूच कानात सांगितलं.

‘ताई, एक घोट घे, देवीले कोण सांगते?’ सुनंदा म्हणाली. तिला कारण ठाऊक नव्हतं.

‘मी सांगीन ना!’ आपा म्हणाली आणि वाटी उचलून घेऊन गेली.

*

सुनंदानं मात्र रंग कधी कमावलाच नाही. सुरुवातीला फुकट मिळतो तो मातकट झगा, तोच कायम. ‘मले नाही वेचायची फुलं. लय वेचला कापूस.’

एकदा दलदलीत राक्षसांनी आम्हा तिघींना आडवं केलं. माझा पिवळा, आपाचा मोरपंखी, राणीचा भगवा, सगळं लांबून दिसत होतं ना! सुनंदा चिखलात उभी, तिच्याजवळून राक्षस निघून गेले.

‘काकू, तू वाचली!’ फोनवर राणी ओरडली.

सुनंदा म्हणाली, ‘मातीले कोण मारते?’

आम्ही हसलो. ती नाही हसली.

*

पुढच्या वर्षी पुन्हा कपाशीच लावली. नवरात्रात मी ठरवलं, गेममध्येही रोजचा रंग घालायचा, चौघींनी! सुनंदा आठ दिवस ओढत-ओढत आली, तिची फुलंही आम्हीच वेचली. नववा रंग निघाला गुलाबी.

‘गुलाबी नाही,’ ती म्हणाली आणि उठून वावरात गेली. कुणी अडवलं नाही.

ऊन कलल्यावर परत आली ती ओच्यात कपाशीची फुलं घेऊन. कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ओसरीवर बसून तिनं एकेक पाकळी उलगडून आत बघितलं. मग आणखी एक. मग सगळी.

‘एकातही अळी नाही,’ ती म्हणाली.

तेवढं बोलून तिनं एक फूल मोबाइलला लावलं. ‘आपा, हाच गुलाबी ना?’

‘किंचित फिका पाहिजे,’ आपा म्हणाली.

तासभर सुनंदानं गेममधली फुलं वेचली. पगडीपासून जोड्यापर्यंत गुलाबी! आणि सरळ त्या गुहेकडे निघाली, जिथे एक घराएवढी अळी राहायची. तिथून आम्ही नेहमी पळून यायचो.

‘काकू, लपत जा! लांबून दिसून राह्यली तू!’ राणी ओरडली.

‘दिसू दे! ते अळी गुलाबी घालून माह्या वावरात वर्षभर फिरली. आज मी गुलाबी घालून तिच्या घरात चालली!’

सुनंदा तलवार उपसून आत शिरली. अळीनं नुसती मान हलवली. सुनंदा मेली.

सुनंदानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘मी पूर्ण आत पोचली पण नव्हती ना वं!’

आणि तिचा खांदा हलला. मग दुसरा. मग ती भिंतीला टेकली, पोट धरलं, डोळ्यांत पाणी, फोनवर राणी ‘काय झालं, काय झालं’ करतेय आणि हिला बोलता येईना.

शकिलाआपा उठली, माझ्या स्वयंपाकघरात गेली, आणि फळीवरून गुळाचा डबा काढल्याचा आवाज आला.