मामाला न गेलेलं आमंत्रण

माझ्या बहिणीच्या लग्नाला सगळे आले. फक्त मामा आला नाही, कारण आमंत्रणं पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

राजारामपुरीत मी कोडिंगचा क्लास घेते. पहिल्याच दिवशी फळा बडवून सांगते, "चूक झाली तर प्रोग्रॅमला ओरडू द्या. त्याचं तोंड दाबू नका!" (फी याचीच घेते.)

रूपाचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "आजऱ्याला जाऊन दादाला अक्षत देऊन येऊ या की. पोरीचा मामा हाय त्यो."

"कशाला?" मी म्हटलं. "एका बटणात सगळ्यांच्या फोनवर आमंत्रण जातंय!" (आईनं विश्वास ठेवला, ही तिची एकमेव चूक.)

लिहायला बसले, तर प्रोग्रॅम पावलोपावली चुका दाखवून अडायचा. कुणाचा नंबर अर्धा, कुणाचा गायब. दारात क्लासची पोरं येऊन उभी! मग ज्यासाठी पोरांचे कान धरते, तेच केलं: चूक आली की मुकाट गिळायची आणि पुढं जायचं, असं लिहून टाकलं. शेवटी एक ओळ ठोकून दिली, 'सगळं व्यवस्थित!' काहीही झालं तरी ती उमटणारच. उमटली. मी घरभर मिरवले!

मुहूर्त जवळ आला. नवरीला बाहेर आणायला मामा हवा, आणि मामाचा पत्ता नाही. भटजी माइकवरून ओरडायला लागले, "मामा कुठायत, मामा?" (निदान ते तरी ओरडले!) आईनं फोन लावला.

"दादा, कुठं हाईस रं?"

"घरातच. तारीख ठावं हाय, पर बोलावणं न्हाय. पावणं म्हणून तरी बोलवायचं हुतं की!"

मामाचे दोन नंबर एकाच रकान्यात होते. प्रोग्रॅम तिथं अडखळला आणि माझ्या हुकमानुसार गप्प बसला. रूपाला शेवटी शेजारच्या काकांनी बाहेर आणलं. प्रत्येक फोटोत तिचे डोळे सुजलेले आहेत. आई मला एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीत आईला घेऊन आजऱ्याला गेले, माफी मागितली. मामानं चहा पाजला, काजूची पिशवी माझ्या हातात ठेवली. आईकडं मात्र मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"मामा, अजून राग हाय का?"

"छ्या! सगळं व्यवस्थित हाय की!"

मी निमूट काजू खाल्ले. हा प्रोग्रॅम कुणी लिहिला, ते विचारायची मला गरज नव्हती!