फिंटनसाहेबांचे पाइप आणि शारजाचं ऊन

नऊ दिवस झाले, तीनशे दोन नंबरच्या दारामागे माणूस होता, पण पाइप वाजले नव्हते. लतिका कणीक मळता मळता थांबायची आणि भिंतीकडे कान लावायची. पलीकडून कधी खोकला यायचा, कधी तोही नाही. खोकला ऐकू आला की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि एका म्हाताऱ्याच्या खोकल्याने आपल्याला बरं वाटतंय याची लगेच लाजही वाटायची.

"भाभी, साहब जिंदा है," इमारतीचा पठाण वॉचमन वली तिला रोज सांगायचा. "ब्रेड लेता है. लबन वापस करता है." लबन म्हणजे इथलं ताक.

फिंटनसाहेब म्हणजे फिंटन गार्वी. दुबईच्या अल कुसैसची हद्द संपून शारजा सुरू होतं तिथल्या त्या पाच मजली इमारतीतला एकुलता एक गोरा माणूस. वय एकसष्ट, उंच, पाठ अजून कवायतीच्या मैदानावर असल्यासारखी ताठ. चार वर्षांपूर्वी तो राहायला आला तेव्हा लतिकाच्या नवऱ्याने, उपेंद्रने, न राहवून विचारलं होतं, "दुबई सोडून इथे कशाला? रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये कुजायला?"

"दुबईत माझ्या घराखाली तीन बार होते," फिंटनसाहेब म्हणाले. "इथे खाली लियाकतचं दुकान आहे. तो फार तर लिंबाचं लोणचं विकेल. दारू सोडायला दारूबंदीच्या शारजाला आलेला मी जगातला पहिला आयरिश माणूस असेन, हबीबी."

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर नावाच्या जिल्ह्यात त्यांचं गाव. वडील खाणीत दगड फोडायचे आणि रविवारी पाइप वाजवायचे. हे पाइप आपल्या पोलीस बँडातल्यासारखे फुंकायचे नव्हेत. पेटीला असतो तसा एक छोटा भाता उजव्या कोपराखाली दाबायचा, डाव्या काखेत कातड्याची पिशवी, आणि मांडीवर काळ्या लाकडाची नळी. वाजवणारा बसूनच वाजवणार. घरात वाजवून पोट भरत नाही म्हणून फिंटन अठराव्या वर्षी लष्कराच्या बँडमध्ये गेले, तिथे कॉर्नेट नावाचं फुंकायचं पितळी वाद्य हातात आलं. आणि साठ साली संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यातून थेट काँगोत.

"बँडवाला लढाईत काय करतो, सांग?" त्यांनी एकदा अस्मीला विचारलं होतं. अस्मी लतिकाची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. दर गुरुवारी संध्याकाळी ती त्यांच्याकडे टिनची छोटी बासरी शिकायला जायची.

"प्लेज म्युझिक?"

"चूक. वाद्य खाली ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो. मी काँगोत ज्याला उचललं तो आमचाच ड्रमर होता. चालताना त्याची बोटं कडेच्या दांडीवर ठेका धरत होती. मग थांबली. तरी मी तोच ठेका धरून चालत राहिलो, कारण पाऊल चुकलं तर स्ट्रेचर हलतं."

लतिका दारात चहा घेऊन उभी होती. लहान मुलीला हे कशाला सांगायचं, असं तिला वाटलं.

गोष्टी मात्र त्यांनी खूप सांगितल्या. तीनशे वर्षांपूर्वी लढाई हरून देश सोडलेल्या आयरिश सैनिकांची गोष्ट, जे फ्रान्स आणि स्पेनच्या राजांसाठी लढत मेले आणि ज्यांना मागे राहिलेली माणसं रानहंस म्हणत, कारण हंस निदान परततात अशी आशा असते. देवी येऊन डोळे गेलेल्या हार्पवादकाची गोष्ट, जो घोड्यावर बसून घरोघर जायचा आणि ज्या घरी जेवायचा त्या घरासाठी एक धून रचायचा. "आमच्याकडे माणूस शिपाई होतो नाहीतर वाजवणारा," ते म्हणायचे. "मी दोन्ही झालो आणि दोन्हीकडे हवालदारच राहिलो."

लतिका इतिहासाची बी.ए. तिलाही एक गोष्ट माहीत होती, आणि ती तिने मोठ्या हौसेने सांगितली. टिपरेरीचा जॉर्ज थॉमस नावाचा खलाशी दोनशे वर्षांपूर्वी मद्रासला जहाजातून पळाला, आप्पा खंडेराव या मराठा सरदाराच्या पदरी राहिला, पुढे हांसीला स्वतःचं राज्य थाटून बसला. लोक त्याला जहाजी साहेब म्हणत. इंग्रजीपेक्षा फारसी बरी येते म्हणायचा.

"म्हणजे माझा माणूस तुमच्या मराठ्यांकडे नोकरीला होता!" फिंटनसाहेब मांडीवर थाप मारून हसले. "मग? घरी गेला की नाही?"

"निघाला होता. कलकत्त्याला पोचण्याआधी वाटेतच गेला."

ते पुन्हा हसले, पण थोड्या उशिराने. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये भेटले की म्हणायचे, "मिसेस लतिका, जहाजी साहेब अजून वाटेतच आहे." ती गोष्ट आपण सांगायला नको होती, असं लतिकाला आता दहादा वाटत होतं.

त्यांचं घरचं दुखणं निराळंच होतं. त्र्याऐंशी साली ते इकडे आले, इथल्या मुलांना बँड शिकवायला. सत्त्याऐंशीच्या दोन डिसेंबरला, राष्ट्रीय दिनाच्या सकाळी, आई गेल्याची तार आली. साठ पोरं गणवेश चढवून उभी होती. फिंटनसाहेबांनी तार खिशात घातली, संचलन वाजवलं, आणि चौथ्या दिवशी गावी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. धाकट्या बहिणीने, नूलाने, एवढंच म्हटलं, "बँड तुझा, आई माझी." निघताना त्यांनी भिंतीवरचे वडिलांचे पाइप न विचारता उचलून आणले. बारा वर्षं बहीणभावात शब्द नाही.

यंदा मार्चमध्ये खोकल्यातून रक्त पडलं. इस्पितळाचा फॉर्म लतिकाने भरला. जवळचे नातेवाईक या रकान्याशी ती थांबली तेव्हा त्यांनी नूलाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. "फक्त रकाना भरायला. लावायचा नाही. वचन द्या."

तिने दिलं. आणि बायका करतात तसं, घरी येऊन तो नंबर कॅलेंडरच्या मार्चच्या पानामागे उतरवूनही ठेवला.

डॉक्टरांनी वर्ष सांगितलं नाही, महिने सांगितले. मग जूनमध्ये फिंटनसाहेबांनी बहिणीला पत्र टाकलं. उत्तर आलं ते एका ओळीचं. त्यांनी ते लतिकाला दाखवलं. *बाबांचे पाइप घेऊन ये, मग बघू.*

"मग बघू म्हणजे हो," लतिका म्हणाली. "आमच्याकडेही असंच म्हणतात."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं. त्याआधी पंधरा दिवस इस्पितळात राहायचं होतं. जाताना पाइपांची पेटी त्यांनी लतिकाच्या हातात दिली, तान्हं मूल द्यावं तशी. "एसीखाली ठेवू नका," एवढंच म्हणाले. तिने ती स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवली.

आठवडाभराने फडताळ पुसताना कुबट वास आला. तिने पेटी उघडली. आत एक ओलसर फडकं आणि संत्र्याची साल, सालीवर बुरशीचा पांढरा पापुद्रा. बिचारा आजारी माणूस, तिला वाटलं, कधीचं ओलं फडकं आत विसरून गेलाय. फडकं आणि साल तिने कचऱ्यात टाकली. मग तिच्या आईने केलं असतं, आजीने केलं असतं तेच तिने केलं. बाल्कनीत जुनी सुती साडी अंथरली, त्यावर पिशवी, भाता, काळी नळी, एकेक तुकडा नीट मांडला आणि ऊन दाखवलं. जुलैचं ऊन. शालूला दाखवतात, गाद्यांना दाखवतात, वर्षाच्या डाळीला दाखवतात. अकरा ते चार.

चार वाजता काळ्या नळीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ होती. केसासारखी. तिने बोट फिरवलं तर नखात अडकली.

ओलं फडकं विसरलेलं नव्हतं. या वाळवंटात ते लाकूड जिवंत ठेवायला बारा वर्षं तो माणूस दर तिसऱ्या दिवशी ते फडकं भिजवत होता, साल बदलत होता.

ते इस्पितळातून आल्यावर तिने पेटी उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नळी उजेडात धरली, डोळा बारीक करून आरपार पाहिलं.

"दुरुस्त होईल ना?" तिने विचारलं.

"बनवणारा मेला. दुसरा कोणी सांधेलही, पण त्याला वर्ष लागतं. माझ्याकडे वर्ष नाही." पेटीचं झाकण लावत म्हणाले, "खलास. इट इज ओके, मिसेस लतिका. तुम्ही प्रेमानेच केलंत." पेटी घेऊन गेले आणि तिकीट रद्द करून आले.

त्याला आज नऊ दिवस. शुक्रवार होता. दुपारी वरणभाताचा डबा घेऊन तिने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने ते चार बोटं उघडलं. आतून बंद खोलीचा वास आला. दाढी वाढलेली, पाठ मात्र तशीच ताठ.

"जा ना घरी," ती म्हणाली. "पाइपाशिवाय जा. सख्खी बहीण आहे."

"एकदा मी तिच्या घरातून पाइप चोरले. आता फोडून परत द्यायचे?" ते हसल्यासारखं करून खोकले, खूप वेळ. "जहाजी साहेबाला वाटेतच राहू दे. यल्ला, निघा आता, अस्मी वाट बघत असेल."

डबा त्यांनी घेतला. दार लागलं.

घरी उपेंद्र सोफ्यावर आडवा होता. लतिकाने मार्चचं पान उलटं केलेलं पाहून तो उठून बसला. "तू वचन दिलंयस, लतिका. आणि ती बाई तुझं ऐकेल कशाला? फोन आपटेल. वर साहेबांना कळलं तर तेही आपल्यापासून तुटतील."

"हो अहो. आपटेलच बहुतेक."

"मग?"

"मग काय. भाऊ आला नाही की तिला वाटेल, त्याने पुन्हा बँड निवडला. तो मेला तरी तिला तेच वाटत राहील." तिने टीपॉयवरचा फोन जवळ ओढला. "नळी मी फोडली. हे तिला माझ्याखेरीज कोण सांगणार?"

अस्मी खोलीच्या दारात उभी होती. नऊ दिवसांत तिने बासरी हातात घेतली नव्हती. "आई, विल ही गो होम देन?"

लतिकाला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक नाही, बाळा."

तिथे सकाळचे अकरा वाजले असतील, तिने बोटांवर मोजलं. पहिलं वाक्य इंग्रजीत दोनदा मनाशी जुळवून पाहिलं. भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली, मग रिसीव्हर उचलला आणि आकडे फिरवायला लागली.